कॅमेरा घेताय? आधी जागा ठरवा!



आपल्या हॉस्टेलला वर्षातून दोन साथी हमखास येतात. एक सबमिशनच्या आधीची झेरॉक्सची आणि दुसरी गॅदरिंगनंतरची डीएसएलआरची! पहिली पेपर संपले की आपोआप बरी होते. दुसरी मात्र थेट घरापर्यंत पोचते. "आई, फक्त पस्तीस हजार, बाबांना सांग ना" असे फोन जिन्यात उभं राहून सुरू होतात. आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी ते पस्तीस हजार अजून चाळीतल्या कांद्यात नाहीतर कारखान्याच्या ऊसबिलात अडकलेले असतात.

प्रश्न नेहमी एकाच साच्यातला असतो. "स्पोर्ट्स आणि वाइल्डलाइफसाठी बजेटमधला चांगला डीएसएलआर कोणता?" मग उत्तर देणाऱ्यांची लगेच कॅनन पार्टी आणि निकॉन पार्टी होते आणि ग्रामपंचायत निवडणुकीला लाजवेल असा प्रचार मेसमध्ये चालू होतो. माझं मत असं, की या प्रश्नाचा क्रमच उलटा आहे. आपण कुठे उभं राहून फोटो काढणार, ती जागा आधी ठरवा. त्या जागेला कोणती लेन्स लागते ते मग पाहा. आणि उरलेल्या पैशात बसेल ती बॉडी शेवटी घ्या. हा क्रम पाळला तर आळेफाट्याच्या परिसरात राहणाऱ्या विद्यार्थ्याला थोड्या पैशातही फार चांगले फोटो मिळू शकतात. नाही पाळला, तर कॅमेरा सहा महिन्यांत कपाटात आणि वर्षभरात विकायला निघतो.

एक खुलासा आधीच करते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. त्यामुळे ॲपर्चरला 'छिद्र' आणि शटरला 'झडप' म्हणणं मला जमणार नाही. मराठी विभागाच्या संपादकांनी तेवढी सूट द्यावी!

मुळात डीएसएलआर हवाच कशाला, मोबाईल आहे की, असं आपले काही सर म्हणतात. त्यात तथ्य आहे. डबा पार्टी, ट्रेकचा ग्रुप फोटो, शिवनेरीवरचा सूर्योदय यासाठी मोबाईल पुरतो. तो कमी पडतो दोनच ठिकाणी, वस्तू लांब असली की आणि वस्तू पळत असली की. खेळ आणि वन्यजीव म्हणजे नेमकी हीच दोन ठिकाणं! डीएसएलआरमध्ये लेन्समागे एक आरसा असतो. तो बराचसा प्रकाश वर व्ह्यूफाइंडरकडे पाठवतो आणि थोडा खाली फोकस मोजणाऱ्या वेगळ्या सेन्सरकडे. फोकस कोणत्या बाजूला चुकलाय आणि किती चुकलाय, हे त्या सेन्सरला एका मोजमापात कळतं. त्यामुळे लेन्स चाचपडत बसत नाही, थेट जागेवर जाते. पळणाऱ्या गोष्टीसाठी वर्षानुवर्षं हीच रचना वापरली गेली.

आता बाजाराची गंमत बघा. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचं २०२० नंतर एकही नवीन मॉडेलचं डीएसएलआर आलेलं नाही. त्यांचं सगळं लक्ष आता आरसा नसलेल्या, म्हणजे मिररलेस कॅमेऱ्यांवर आहे. ज्यांच्याकडे पैसे आहेत ते हौशी लोक आपले चांगले डीएसएलआर विकून तिकडे चाललेत. श्रीमंतांची फॅशन बदलली की गरिबाला चांगला कोट मिळतो म्हणतात, तसं झालंय. म्हणून पहिलं मत स्पष्ट सांगते: नवीन आणि सगळ्यात स्वस्त डीएसएलआरपेक्षा जुना पण मधल्या दर्जाचा डीएसएलआर घ्यावा.

का ते उदाहरणाने सांगते. कॅननचा १५००डी घ्या. २०१८ चा कॅमेरा, २४ मेगापिक्सेल, फोटोला काही नावं ठेवण्यासारखं नाही. पण फोकसचे पॉइंट नऊ आणि सेकंदाला फोटो तीन. ३०००डी तर त्याहून साधा, त्याचा लेन्स बसवायचा माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा. याउलट २०१३ चा कॅनन ७०डी सेकंदाला सात फोटो काढतो. २०१४ चा ७डी मार्क टू सेकंदाला दहा काढतो आणि त्याला ६५ फोकस पॉइंट आहेत. निकॉनमध्ये २०१५ चा डी७२०० सेकंदाला सहा फोटो आणि ५१ पॉइंटवाला आहे. त्याच्या आधीच्या डी७१०० चेही आकडे तेच, पण त्याचा बफर लहान. रॉ फाइलवर ठेवला तर जेमतेम एका सेकंदात दम लागतो. जेपेगवर वापरणाऱ्याला तो चालेल.

"सेकंदाला तीन काय नि सहा काय, एवढा काय फरक पडतो?" असं वाटत असेल तर हिशोब करू, आपण इंजिनिअरिंगचे विद्यार्थी आहोत ना! एखादी गोष्ट ताशी ३६ किलोमीटरने पळत असेल तर ती सेकंदाला दहा मीटर जाते. तीन फोटोंच्या कॅमेऱ्यात एका फोटोपासून दुसऱ्या फोटोपर्यंत ती सव्वातीन मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. सहाच्या कॅमेऱ्यात पावणेदोन मीटर. दहाच्या कॅमेऱ्यात एक मीटर. पाय हवेत असलेला क्षण त्या मधल्या जागेत हरवतो की सापडतो, एवढाच तो फरक.

मेगापिक्सेलच्या बाबतीत मात्र डोकं शांत ठेवा. वर सांगितलेले बहुतेक कॅमेरे २० ते २४ मेगापिक्सेलचे आहेत. आपल्या या मासिकाच्या पूर्ण पानाला त्यातले निम्मेसुद्धा लागत नाहीत.

आता जागांकडे वळू. आपल्याकडे खेळ म्हणजे काय? पहिली कबड्डी. कॉलेजच्या मैदानावर, गावच्या जत्रेत, संध्याकाळी सात वाजता, चार खांबांवरच्या दिव्यांत. डोळ्याला तो उजेड भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला तो अंधारच असतो. कॅमेऱ्याबरोबर येणारी १८-५५ लेन्स झूम केली की तिचं ॲपर्चर ५.६ वर येतं. समजा त्या उजेडात आयएसओ बराच वाढवूनही शटर एक साठांश सेकंदाचं मिळतंय. रेडर सेकंदाला पाच मीटरने मागे वळला तर तेवढ्या वेळात तो आठ सेंटिमीटर सरकतो. फोटोत चेहऱ्याच्या जागी धूर! तिथेच ५० एमएमची १.८ ॲपर्चरची लेन्स लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. शटर एक सहाशांशच्या आसपास जातं आणि तो सरकतो आठ मिलिमीटर. कपाळावरचा घाम दिसतो! ही लेन्स दोन्ही कंपन्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे. बारा-पंधरा मेगापिक्सेल जास्त असण्याने जे झालं नसतं ते तिने होतं.

कबड्डीचं मैदान पुरुषांसाठी १३ बाय १० मीटर आणि महिलांसाठी १२ बाय ८ मीटर. शेवटच्या रेषेमागे पंचांना अडथळा न होता मांडी घालून बसलात तर ५० एमएम बरोबर पुरते. सहा मीटरवर तिच्यात सुमारे पावणेतीन मीटर रुंदीचं चित्र येतं. म्हणजे रेडर आणि त्याचा पाय धरायला आलेले दोघं. कुस्तीच्या आखाड्यालाही हीच लेन्स. झूम हवा असेल तर दोन पावलं पुढे सरका, पाय कशासाठी दिलेत?

दुसरा खेळ अर्थात बैलगाडा शर्यत. जुन्नर, आंबेगाव, खेडच्या माणसाला याच्याबद्दल मी काय सांगावं! ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने या शर्यती बंद केल्या, १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. सात-साडेसात वर्षांचा खंड पडला, आणि नेमक्या त्याच काळात आपल्या पिढीच्या हातात कॅमेरे आले. त्यामुळे घाटाचे चांगले, नीट काढलेले फोटो आपल्याला वाटतात तितके नाहीत. हे काम आपल्याला करता येण्यासारखं आहे.

इथे हिशोब कबड्डीच्या उलट आहे. शर्यत दिवसाउजेडी, त्यामुळे प्रकाशाची चणचण नाही. पण बारी काही सेकंदांत संपते आणि जवळ जाता येत नाही. जाऊही नये! घाटाच्या कडेला उतरून, बैलांच्या समोर मोबाईल धरून उभे राहणारे शूरवीर दर वर्षी दिसतात. बैलाला तुमचं इन्स्टाग्राम कळत नाही. इथे ७०-३०० किंवा ५५-२५० ची झूम लेन्स, शटर एक हजारांश किंवा त्याहून जलद, आणि जागा घाटाच्या वरच्या टोकाला, कठड्याच्या बाहेर. तिथून घोडी, तिच्यामागे बैल, मागे उडालेली धूळ आणि दोन्ही बाजूंचे चेहरे असं सगळं एका फ्रेममध्ये येतं. शिवाय लांबच्या लेन्सला सगळं दिसतं. चाबूक, टोचणी काही चाललं तर तेही. अटी पाळल्या जातायत की नाहीत याचा साक्षीदारही तुमचा कॅमेराच. आणि हो, धुळीत लेन्स बदलायची नाही. घाटावर जायच्या आधीच लावून जायची.

हाच ३०० एमएम आपल्याला वन्यजीवांकडे घेऊन जातो. पावसाळ्यात माळशेजच्या अलीकडे पिंपळगाव जोग्याच्या पाण्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो येतात. तो पाहायला मुंबईहून लोक गाड्या करून येतात आणि आपण एसटीने तासा-दीड तासात पोचू शकतो. येडगाव, माणिकडोह, वडज ही कुकडी प्रकल्पाची बाकीची धरणंही आपल्या अंगणातलीच. बगळे, खंड्या, पाणकावळे, घारी यांना तर प्रवासही लागत नाही.

मोठा रोहित उभा राहिला की साधारण १.३ मीटर उंच. तो १५० मीटरवर असेल तर ५५ एमएमच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा पडते अर्धा मिलिमीटर. सेन्सरची उंची साधारण १५ मिलिमीटर, म्हणजे चित्राचा तिसावा हिस्सा. फोटोत गुलाबी ठिपका. ३०० एमएमने तीच प्रतिमा २.६ मिलिमीटर होते, म्हणजे चित्राचा सहावा हिस्सा. आता तो पक्षी आहे हे आईलाही पटेल! ६०० एमएमने तिसरा हिस्सा मिळेल, पण ती लेन्स आणि आपल्या चार वर्षांच्या मेसचं बिल यांची तुलना करायला लागेल. आपण ३०० वर थांबावं, पहाटे लवकर जावं, आणि पक्षी आपल्याकडे येईपर्यंत बसून राहावं. बसण्याला पैसे पडत नाहीत.

आता मुद्दा येतो ज्याच्यासाठी खरं तर मी हा लेख लिहायला घेतला. हॉस्टेलमध्ये "वाइल्डलाइफसाठी कॅमेरा" म्हणणाऱ्या दहापैकी आठ जणांच्या डोळ्यासमोर बगळा नसतो, बिबट्या असतो. जुन्नरमध्ये राहतो आणि बिबट्याचा फोटो नाही म्हणजे काय, असं वाटतं. मग रात्री जेवणानंतर दोन बाइक्सवर पाच जण उसाच्या रस्त्याने "राउंड" मारायला निघतात. माझं मत विचाराल तर त्या फोटोसाठी कॅमेरा घेऊच नका. कारण दोन आहेत, एक तांत्रिक आणि एक माणुसकीचं.

तांत्रिक कारण आधी. बिबट्या फिरतो तो बहुतेक रात्री. बजेटमधल्या झूम लेन्सचं ॲपर्चर लांब टोकाला ५.६ नाहीतर ६.३. पौर्णिमेचं लख्ख चांदणं असलं आणि आयएसओ ६४०० केला तरी शटर दोन ते चार सेकंद उघडं ठेवावं लागेल. तेवढ्या वेळ बिबट्या पोज देऊन थांबणार आहे का? राहिली गाडीची हेडलाइट. ती मारली तर मिळतात दोन चमकणारे डोळे, तेही हललेले. म्हणजे ज्या फोटोसाठी पस्तीस हजार घालायचे तो फोटो त्या पस्तीस हजारांत होतच नाही.

शिवाय बिबट्याचं सगळं कसब न दिसण्यात आहे. आपल्या फाट्यावरून नगर रस्त्याला लागलं की पुढे टाकळी ढोकेश्वर लागतं. तिथे २००९ मध्ये एक नर बिबट्या विहिरीत पडला होता. त्याला बाहेर काढून, गळ्यात जीपीएस कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं. त्याचं नाव 'आजोबा'. हा आजोबा महिन्याभराच्या आत साधारण १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या टोकाला पोचला. वाटेत रेल्वे, हायवे, वस्त्या सगळं लागलं, आणि लोकांना पत्ताही नव्हता. पुढे २०११ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात तो गेला. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी सिनेमाही आला. जो प्राणी हायवे ओलांडताना कुणाला दिसला नाही, तो बाइकच्या आवाजाला उसातून बाहेर येऊन उभा राहील, ही अपेक्षाच विनोदी आहे.

आता दुसरं कारण. इथल्या माणसांसाठी बिबट्या हे वाइल्डलाइफ नाही, रोजचं संकट आहे. या भागात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. शेतकरी रात्रीच्या लाइटला मोटर चालू करायला जीव मुठीत धरून जातो. आमच्या मुलींच्या हॉस्टेलचं गेट लवकर बंद होतं त्यामागे रेक्टर मॅडमचा कडकपणा जितका आहे तितकाच हा धाक आहे. अशा ठिकाणी ज्या बिबट्याला हेडलाइट आणि आरडाओरडा करून डिवचलं, तो पळून कुठे जातो? शेजारच्या वस्तीकडे. मजा आपली आणि धोका तिथल्या आजीला!

ऊसतोडीच्या दिवसांत तर आणखी नाजूक प्रकार होतो. सरीत पिल्लं सापडतात. बातमी फुटते आणि तासाभरात मोबाईलची जत्रा भरते. वनखातं आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं ती पिल्लं तपासून शक्यतो त्याच जागी पुन्हा ठेवतात, कारण अंधार पडल्यावर आई त्यांना न्यायला येते. भोवती गर्दी असेल तर ती येत नाही. आली तर चिडलेली येते. त्या वेळी फोटो काढणारा प्रत्येक जण त्या मायलेकरांच्या मध्ये उभा असतो. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे हे मी सांगायला नको. पण कायदा बाजूला ठेवला तरी अशा वेळी करायचं काम एकच, वनखात्याच्या १९२६ या नंबरला फोन करायचा आणि मागे सरकायचं.

"मग बिबट्याचे इतके सुंदर फोटो निघतात ते कसे?" तेही ऐका. मुंबईचे नयन खानोलकर यांना २०१६ मध्ये 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचं बक्षीस मिळालं. आरे कॉलनीतल्या वारली पाड्याच्या चिंचोळ्या बोळातून चाललेला बिबट्या. ते बिबट्याच्या मागे धावले नाहीत. बोळ निवडला, कॅमेरा बसवला, नेहमीच्या उजेडासारखाच उजेड पडेल असे फ्लॅश लावले आणि हवा तसा फोटो मिळेपर्यंत चार महिने गेले. बिबट्याने सगळी चौकट व्यापू नये, बोळही दिसावा, अशी त्यांनी मुद्दाम रचना केली होती. बघा, इथेही पहिली आली ती जागा! लांबलचक लेन्स त्या फोटोत कुठेच नाही. आणि त्या पाड्यातली माणसं त्यांच्या बाजूने होती, त्यांच्यामुळे धोक्यात नव्हती.

असो. आता पैशाचं बोलू. भाव महिन्याला बदलतात, म्हणून आकडे न देता प्रमाण सांगते. शंभर रुपये असतील तर चाळीस बॉडीला, पंचेचाळीस लेन्सला आणि पंधरा कार्ड, जादा बॅटरी, बॅग यांना. बहुतेक जण ऐंशी बॉडीला घालतात आणि उरलेल्या विसात जी मिळेल ती लेन्स घेतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! बॉडी पाच-सात वर्षांत म्हातारी होते, चांगली लेन्स पुढच्या बॉडीलाही चालते.

लांबच्या लेन्सच्या बाबतीत दोन-तीन खाचा आहेत. कॅननमध्ये ५५-२५० ची आयएस एसटीएम लेन्स घ्या. जुनी ७५-३०० स्वस्त मिळते, पण तिच्यात हात हलण्यावरचा उपाय नाही आणि फोकसही सावकाश. निकॉनमध्ये ७०-३०० एएफ-पी घेताना तिच्यावर 'व्हीआर' लिहिलंय ना ते बघा, कारण त्याशिवायचीही एक येते. एएफ-पी लेन्स काही जुन्या निकॉन बॉडींवर फोकसच करत नाही, तेव्हा जोडी जुळते का ते आधी पाहा. उलट डी३०००, डी५००० मालिकेच्या निकॉनमध्ये फोकसची मोटर नाही, त्यामुळे जुन्या 'डी' लेन्सेस त्यांच्यावर हाताने फिरवाव्या लागतात. डी७००० मालिकेला ही अडचण नाही. आणि आयएस किंवा व्हीआरने तुमचा हात स्थिर होतो, समोरचा रेडर नाही!

सेकंडहॅंड घेताना हे बघाच. शटर किती वेळा उडालंय तो आकडा. निकॉनच्या फोटोच्या माहितीतच तो मिळतो, कॅननला बऱ्याचदा वेगळं सॉफ्टवेअर लागतं. साध्या बॉडींना लाखभर आणि डी७२०० ला दीड लाख उडी चालतील असं धरतात. ७डी मार्क टूला दोन लाख. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर ती बुरशी, पावसाळ्यातल्या कपाटाची देणगी. ॲपर्चर १६ वर ठेवून आकाशाचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसेल. मूळ बिल मागा, बॉडीवरचा नंबर त्याच्याशी ताडून बघा. बिल नाही, बॉक्स नाही आणि विकणाऱ्याला घाई आहे, असं असेल तर चोरीचा माल गळ्यात पडू शकतो. घेतल्यावर कॅमेरा हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. घरून आलेला चिवड्याचा डबा धुऊन, पूर्ण कोरडा करून चालतो.

"मग मिररलेसच का नको?" हा प्रश्न रास्त आहे. त्यातले नवे कॅमेरे पक्ष्याचा डोळासुद्धा स्वतः शोधतात, आणि मी काही आरशाच्या प्रेमात नाही. पण तेवढं करणारी बॉडी आणि तिच्या जोडीची लांब लेन्स मिळून आपल्या बजेटच्या कितीतरी पुढे जातात. नोकरी लागल्यावर स्वतःच्या पगारातून अवश्य घ्या. हप्त्यावर आता घ्यायचा विचार असेल तर एवढंच म्हणते, की ज्याला हप्ता भरायचाय त्याचं उत्पन्न अजून सुरू व्हायचंय.

आणि कॅनन की निकॉन? माझं उत्तर ऐकून दोन्ही पार्ट्या नाराज होतील. शेजारच्या खोलीत जे आहे ते घ्या! एकाच माउंटचे चार कॅमेरे मजल्यावर असतील तर एकीकडे ५० एमएम, दुसऱ्याकडे ७०-३०० आणि तिसऱ्याकडे जादा चार्जर असं वाटून घेता येतं. लांब लेन्स लागते वर्षातले पंधरा-वीस दिवस. त्यासाठी प्रत्येकाने ती विकत घेणं म्हणजे एका लग्नासाठी घोडा पाळण्यासारखं आहे.

इथेच आमच्या सर-मॅडमना एक विनंती. दर वर्षी गॅदरिंगला आणि स्पोर्ट्स वीकला बाहेरचा फोटोग्राफर बोलवावा लागतो. त्या खर्चात थोडी भर घालून विद्यार्थी मंडळाच्या नावावर एक जुनी पण चांगली बॉडी, एक ५० एमएम आणि एक ७०-३०० घ्यावी. लॅबमधल्या मल्टिमीटरसारखी रजिस्टरला नोंद करून, आयडी कार्ड जमा करून ती द्यावी. ज्याला खरंच गोडी आहे तो सहा महिने त्यावर शिकेल. ज्याची हौस आठवड्यात फिटणार आहे, त्याच्या घरचे पस्तीस हजार वाचतील. मासिकाला मुखपृष्ठ मिळेल ते वेगळंच. रजिस्टर सांभाळायला लागणारी माणसं आम्ही देऊ, पहिलं नाव माझं लिहा.

तोपर्यंत, मित्रांनो, कॅमेरा नसला तरी पहिली पायरी आजपासून करता येते. संध्याकाळी कबड्डीच्या मैदानाच्या चारही बाजूंनी फिरून बघा, उजेड कुठून चांगला पडतो. रविवारी येडगावच्या पाण्यावर जाऊन बघा, ऊन कोणत्या बाजूने येतं आणि बगळे कुठे उतरतात. जागा फुकट आहे. ती एकदा ठरली, की लेन्स कोणती लागणार ते तुम्हाला दुकानदाराला विचारावं लागणार नाही. आणि उसाच्या रस्त्यावरच्या रात्रीच्या राउंडला कुणी बोलवलं, तर सरळ सांगा, आमच्या लेन्सचं ॲपर्चर पाच पॉइंट सहा आहे!